वचनचिठ्ठी, हुंडी आणि चेक : लिहिण्यापासून वसुलीपर्यंतचे कायदेशीर टप्पे

उधारीचा व्यवहार विश्वासावर सुरू होतो आणि तो बिनसला की सगळी मदार एका कागदावर येते. तो कागद मात्र अनेकदा घाईत, कोणाच्या तरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेला किंवा कोराच सही करून दिलेला असतो. वचनचिठ्ठी, हुंडी आणि चेक या तीन कागदांना आपल्या कायद्याने साध्या करारापेक्षा जास्त बळ दिले आहे. त्या बदल्यात कायदा दोन गोष्टी मागतो: कागद ठरलेल्या रूपात असला पाहिजे आणि तारखा पाळल्या गेल्या पाहिजेत. देणे खरे असूनही या दोहोंपैकी एक गोष्ट चुकल्यामुळे वसुली अडकली, असे प्रसंग इतके आढळतात की हा विषय सही करण्यापूर्वीच समजून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

या तिन्ही कागदांचा कायदा म्हणजे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम. तो १ मार्च १८८२ पासून अमलात आहे. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत या कागदांना ‘चलनक्षम दस्तऐवज’ म्हणतात. चेक न वटण्याबद्दल शिक्षेची तरतूद असलेले कलम १३८ ते १४२ हे प्रकरण मात्र बरेच नंतरचे आहे. ते १९८८ च्या दुरुस्तीने आले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले.

कागदाचे बळ कशात असते

समजा, इचलकरंजीतल्या एका यंत्रमागधारकाने सूत व्यापाऱ्याकडून चार लाख रुपयांचे सूत उधारीवर घेतले. या व्यवहाराचे नुसते बिल आणि खातेवही असेल, तर पैसे बुडाल्यावर व्यापाऱ्याला दाव्यात सगळे शाबित करावे लागते: माल दिला, भाव ठरला होता, रक्कम बाकी आहे. त्याऐवजी यंत्रमागधारकाने चार लाखांचा चेक किंवा वचनचिठ्ठी दिलेली असेल, तर चित्र उलटते. कलम ११८ सांगते की असा कागद मोबदल्यापोटीच दिला गेला, त्यावरची तारीख खरी आहे आणि तो धारण करणारा यथाविधि धारक (म्हणजे काय ते पुढे येते) आहे, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. चेकच्या बाबतीत कलम १३९ त्याही पुढे जाऊन, चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे गृहीत धरते. हे गृहीतक खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. त्याला गुन्हा निःसंशय खोटा ठरवावा लागत नाही, आपली बाजू अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. पण ते दाखवण्यासाठी त्याच्याजवळ काहीतरी आधार असावा लागतो आणि नुसता नकार चालत नाही.

दुसरे बळ कागदाच्या फिरण्यात आहे. साधारण नियम असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोरीची मोटारसायकल प्रामाणिकपणे विकत घेतली तरी ती मूळ मालकाचीच राहते. चलनक्षम कागदाला या नियमाचा अपवाद आहे. ज्याने मोबदला देऊन, रक्कम देय होण्यापूर्वी आणि आधीच्या माणसाच्या हक्कात काही दोष आहे अशी शंका येण्यास कारण नसताना कागद घेतला, त्याला कलम ९ प्रमाणे यथाविधि धारक म्हणतात, आणि त्याचा हक्क आधीच्या धारकाच्या दोषांनी बाधित होत नाही. आपल्या उदाहरणात सूत निकृष्ट निघाले ही तक्रार यंत्रमागधारक व्यापाऱ्यापुढे मांडू शकतो. पण व्यापाऱ्याने तीच वचनचिठ्ठी दरम्यान बँकेकडे वटवून घेतली असेल, तर बँकेपुढे ती तक्रार चालत नाही. याला मर्यादा एकच महत्त्वाची: खोट्या सहीतून कोणालाच हक्क मिळत नाही.

वचनचिठ्ठी कशी लिहावी

हातउसन्या पैशांसाठी माझ्या मते अजूनही सर्वांत उपयोगी कागद वचनचिठ्ठी हाच आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही तिच्यातच होतात. कलम ४ प्रमाणे ती लेखी हवी, तिच्यात पैसे देण्याचे स्पष्ट आणि बिनशर्त वचन हवे, रक्कम निश्चित हवी, कोणाला द्यायची ती व्यक्ती निश्चित हवी आणि देणाऱ्याची सही हवी. ‘मी अमुकांचे एक हजार रुपये देणे लागतो’ हे वाक्य देणे कबूल करते, पण त्यात देण्याचे वचन नाही, म्हणून ती वचनचिठ्ठी होत नाही. कायद्याच्या कलमाखालीच दिलेल्या उदाहरणांत, लग्नानंतर सात दिवसांनी पाचशे रुपये देण्याचे वचन हेही वचनचिठ्ठी ठरत नाही असे सांगितले आहे, कारण ते लग्न होईल की नाही हे निश्चित नसते. आपल्याकडे ‘प्लॉट विकला गेल्यावर रक्कम देईन’ किंवा ‘उसाचे बिल आल्यावर देईन’ असे सर्रास लिहिले जाते. त्या एका शब्दसमूहाने कागदाचे चलनक्षम रूप संपते आणि मागे उरतो साधा करार.

मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

‘स्थळ इचलकरंजी, दिनांक (…). श्री. (पूर्ण नाव व पत्ता) यांस. मी, खाली सही करणार (पूर्ण नाव, वय, व्यवसाय व पत्ता), आपणाकडून आज रोजी माझ्या (…) बँकेतील खात्यावर मिळालेल्या रक्कम रुपये २,००,०००, अक्षरी रुपये दोन लाख मात्र, या मोबदल्यापोटी, सदर रक्कम आजपासून द.सा.द.शे. १२ दराने होणाऱ्या व्याजासह, आपण मागणी कराल तेव्हा आपणांस अथवा आपण आदेश द्याल त्यास देण्याचे बिनशर्त वचन देतो.’

या मजकुरातील प्रत्येक भागाला कारण आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोन्ही लिहावी. दोहोंत फरक पडला तर कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरली जाते. व्याजाचा दर लिहावा. तो लिहिलेलाच नसेल तर कलम ८० नुसार रक्कम देय झाल्यापासून द.सा.द.शे. १८ दराने व्याज धरले जाते, जे बहुतेक वेळा कोणाच्याही मनात नसते. ‘आपणांस अथवा आपण आदेश द्याल त्यास’ हे शब्द गाळू नयेत, आणि चिठ्ठीवर साक्षीदारांच्या सह्या घेण्याचा मोह टाळावा. साक्षीदार घेतल्याने कागद पक्का होतो अशी समजूत घरोघरी आहे. पण ज्या कागदावर साक्षीदाराची सही आहे आणि जो आदेशानुसार किंवा वाहकास, म्हणजे कागद हाती असलेल्या कोणासही, देय नाही, तो मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने बंधपत्र ठरतो. त्यावर कितीतरी जास्त शुल्क लागते आणि दाव्याच्या पहिल्याच टप्प्यात कागद अडकतो. वचनचिठ्ठीला साक्षीदाराची गरजच नाही.

त्याच वेळी ‘वाहकास मागताक्षणी’ असेही लिहू नये. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने वाहकास देय असलेली वचनचिठ्ठी काढण्याचा अधिकार फक्त रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याकडे ठेवला आहे. चलनी नोट हा त्याच जातीचा कागद आहे.

आता तिकिटाविषयी, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. मागणी चिठ्ठीवरचे मुद्रांक शुल्क अगदी किरकोळ असते आणि व्यवहारात एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावतात. ते सही करण्यापूर्वी किंवा सही करतेवेळीच लावलेले असावे आणि सही तिकिटावरून आडवी जाईल अशी करावी, म्हणजे तिकीट रद्द झाले असे धरले जाते. रद्द न केलेले तिकीट न लावल्यासारखेच आहे. इतर बहुतेक कागदांवर शुल्क कमी पडले तर नंतर दंडासह भरून कागद पुराव्यात आणता येतो. वचनचिठ्ठी आणि हुंडी यांना मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ ने ही सवलत दिलेली नाही. बिनतिकिटाची चिठ्ठी कितीही दंड भरला तरी पुराव्यात वाचली जात नाही, आणि मग मूळ कर्जाचा स्वतंत्र पुरावा असेल तरच काही आशा उरते. ठरावीक मुदतीनंतर देय असलेल्या चिठ्ठीचे शुल्क रकमेनुसार वेगळे लागते, तिथे एक रुपयाचे तिकीट पुरत नाही. म्हणून खासगी व्यवहारात मागणी चिठ्ठीच घ्यावी असे मी सुचवतो.

रक्कम शक्य तेथे बँकेतूनच द्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका चेक प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की या मनाईचा भंग झाल्याने देणे बेकायदेशीर ठरत नाही, दंडाचा प्रश्न आयकर खात्याचा आहे. तरीही रोखीचा व्यवहार शाबित करण्याचे कष्ट बँकेच्या खातेउताऱ्यापेक्षा नेहमीच जास्त असतात.

महाराष्ट्रात आणखी एक अट लक्षात ठेवावी. मित्राला किंवा नातेवाइकाला एखाद्या वेळी दिलेली रक्कम वेगळी, आणि व्याजाने पैसे देण्याचा धंदा वेगळा. धंदा म्हणून कर्ज देणाऱ्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालील परवाना नसेल, तर चिठ्ठी कितीही निर्दोष असली तरी त्याला न्यायालयाकडून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही.

चिठ्ठी मिळाल्यावर मुदतीचे भान ठेवावे. मागणी चिठ्ठीवर दावा लावण्याची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे आहे. अनेक जण मागणी करतील त्या दिवसापासून वर्षे मोजतात आणि तिथेच फसतात. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने काही रक्कम दिली आणि तशी नोंद स्वतःच्या हाताने किंवा सहीने केली, अथवा देणे लेखी कबूल केले, तर तेव्हापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. त्यासाठी चिठ्ठीच्या पाठीमागे ‘या चिठ्ठीपोटी आज रोजी रुपये पाच हजार दिले’ असे देणेकऱ्याकडूनच लिहवून, तारीख घालून सही घ्यावी. मुदत संपल्यावर घेतलेल्या अशा सहीने गेलेली मुदत परत येत नाही.

हुंडी आणि कमर्शियल पेपर, थोडक्यात

हुंडीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत विनिमयपत्रात आणि व्यापारी भाषेत बिलात, तीन बाजू असतात: लिहिणारा, ज्याच्यावर लिहिले तो, आणि ज्याला पैसे मिळायचे तो. सूत व्यापारी यंत्रमागधारकावर साठ दिवसांचे बिल लिहितो, यंत्रमागधारक त्यावर ‘स्वीकारले’ असे लिहून सही करतो आणि त्या क्षणापासून देण्याची मुख्य जबाबदारी त्याची होते. दर्शनी (दाखवताच देय), मुद्दती (ठरलेल्या मुदतीनंतर देय), शाहजोग (पतदार व्यापाऱ्यालाच देय) अशा देशी हुंड्यांच्या बाबतीत कायद्याच्या कलम १ ने स्थानिक रूढी अबाधित ठेवली आहे.

देय तारीख मोजताना मुदतीच्या कागदाला तीन दिवसांची सवलत मिळते. २९ जानेवारीला लिहिलेले एक महिन्याचे बिल लीप नसलेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला मुदत संपून ३ मार्चला देय होते. देय दिवशी सार्वजनिक सुट्टी असेल तर कामाचा आधीचा दिवस धरतात, पुढचा नव्हे; बँकेच्या हप्त्याची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. मागणी करताच देय असणाऱ्या कागदाला सवलतीचे दिवस नाहीत. बिल नाकारले गेले तर ज्यांना जबाबदार धरायचे आहे त्या सर्वांना वाजवी वेळेत तसे कळवावे लागते, अन्यथा ते जबाबदारीतून सुटू शकतात. नोटरीकडून तशी नोंद करून घेतली तर पुरावा बळकट होतो.

कमर्शियल पेपर हे मोठ्या कंपन्यांनी अल्प मुदतीसाठी पैसे उभारण्याचे साधन. ते तारणाविना दिलेल्या वचनचिठ्ठीचेच रूप असून रिझर्व्ह बँकेने १९९० साली ते सुरू केले. त्याची मुदत किमान ७ दिवस आणि कमाल एक वर्ष, रक्कम किमान पाच लाख आणि त्याच्या पटीत, आणि ते डिमॅट, म्हणजे कागदाविना इलेक्ट्रॉनिक, स्वरूपातच निघते. ते तारणाविना असते हे गुंतवणूक करणाऱ्याने विसरू नये. कंपनी बुडाली तर पाठीशी कोणतीही मालमत्ता बांधलेली नसते.

चेक देताना आणि घेताना

चेकवर डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारल्या की त्याचे पैसे काउंटरवर रोख मिळत नाहीत, बँकेमार्फतच मिळतात. त्या रेघांत ‘अकाउंट पेयी’ लिहिले की रक्कम ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा व्हावी असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. यात एक सवलत महाराष्ट्रात विशेष उपयोगी पडते: ज्यांचे खाते फक्त पतसंस्थेत आहे अशा सभासदांचे ५०,००० रुपयांपर्यंतचे असे चेक बँक त्या पतसंस्थेच्या खात्यावर जमा करून घेऊ शकते. छापील ‘बेअरर’ शब्द खोडायला विसरू नये, कारण वाहकास देय म्हणून काढलेला चेक पाठीमागे कोणाचे नाव लिहिले तरी बँकेच्या दृष्टीने वाहकाचाच राहतो.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. ही मुदत १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांवरून तीनवर आणली गेली. चेक आता प्रतिमेवरून वटतात, म्हणून त्यावर खाडाखोड चालत नाही. रक्कम किंवा नाव चुकले तर दुसरे पान वापरावे. ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकचा तपशील बँकेला आगाऊ कळवण्याची पॉझिटिव्ह पे ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे आणि पाच लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची देवाणघेवाण दिवसभर सलग चालते, त्यामुळे ‘उद्या खात्यात पैसे भरतो, चेक दोन दिवसांनी लागेल’ हा जुना हिशेब आता सोडून द्यावा.

संस्थेच्या वतीने सही करताना आपण कोणाकरिता सही करत आहोत ते लिहिले पाहिजे. वचनचिठ्ठी किंवा हुंडीवर अध्यक्ष, सचिव किंवा भागीदार यांनी नुसती सही केली आणि आपण प्रतिनिधी आहोत असे दाखवले नाही, तर कलम २८ प्रमाणे त्यांची वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. सहीखाली ‘संस्थेकरिता’ आणि पद लिहायला क्षणभर लागतो.

चेक न वटता परत आला तर

इथून पुढे सारे काही तारखांवर चालते. कलम १३८ चा गुन्हा चेक परत आल्याने पूर्ण होत नाही. नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत पैसे न दिल्याने तो पूर्ण होतो. कलमात ‘रक्कम अपुरी’ आणि ‘मर्यादेपेक्षा जास्त’ एवढीच कारणे असली, तरी खाते बंद, ‘स्टॉप पेमेंट’ आणि काही परिस्थितीत सही न जुळणे हीसुद्धा त्यात येतात असे न्यायालयांनी ठरवले आहे.

एक हिशेब मांडतो. चेकची तारीख ५ जानेवारी आहे. तो आपण फेब्रुवारीत भरला आणि बँकेचा परतावा मेमो २० फेब्रुवारीला हातात आला. मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, म्हणजे लीप नसलेल्या वर्षी शेवटचा दिवस २२ मार्च. आपण ती २ मार्चला नोंदणीकृत टपालाने पाठवली आणि समोरच्याला ६ मार्चला मिळाली. त्याला पूर्ण पंधरा दिवस मिळतात, ७ ते २१ मार्च. पैसे आले नाहीत तर २२ मार्चला फिर्यादीचे कारण घडले आणि तेथून एका महिन्यात फिर्याद दाखल करायची. सुरक्षितपणे २१ एप्रिलपूर्वी ती दाखल झालेली असावी. पंधरा दिवस संपण्याआधी दाखल केलेली फिर्याद टिकत नाही, ती घाई तितकीच घातक आहे. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटीशीच्या ३० दिवसांना मात्र अशी माफी नाही. ते दिवस निघून गेले आणि चेकचे तीन महिने अजून शिल्लक असतील, तर चेक पुन्हा भरून नव्या परताव्यावर नवी नोटीस देता येते.

नोटीशीत चेकचा क्रमांक, तारीख, बँक, रक्कम, व्यवहाराचे स्वरूप, परताव्याचे कारण आणि पंधरा दिवसांत चेकची रक्कम देण्याची स्पष्ट मागणी असावी. मागणीचा आकडा चेकच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्येच सांगितले आहे की आकडा जुळत नसेल तर नोटीस अवैध ठरते आणि टंकलेखनाची चूक ही सबब ऐकली जात नाही. व्याज किंवा वकिलाचा खर्च मागायचा असल्यास तो स्वतंत्र, वेगळ्या परिच्छेदात मागावा. चेक दिल्यानंतर समोरच्याने काही रक्कम परत केली असेल, तर ती नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा. पूर्ण रकमेचा चेक तसाच भरला तर तेवढे देणेच शिल्लक नव्हते म्हणून कलम १३८ लागू होत नाही, असे २०२२ सालच्या निकालाने ठरले आहे.

नोटीस घेतली नाही म्हणून कोणी सुटत नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पाकीट ‘नाकारले’ किंवा ‘मालक सापडत नाही’ अशा शेऱ्याने परत आले तरी ते पोचले असे गृहीत धरता येते. म्हणून परत आलेले पाकीट न उघडता जपावे. कंपनी किंवा भागीदारी संस्थेचा चेक असेल तर संस्थेबरोबरच कारभार पाहणाऱ्या आणि जबाबदार असलेल्या संचालक किंवा भागीदारांनाही आरोपी करावे लागते, आणि त्यांची नेमकी भूमिका फिर्यादीत मांडावी लागते.

फिर्याद, दावा, की दोन्ही

चेक बँकेत जमा केलेला असेल तर चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे, त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात फिर्याद चालते. २०१५ च्या दुरुस्तीने हे ठरले आणि त्याआधी दूरच्या गावी हेलपाटे घालणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला. गुन्हा शाबित झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकते, पण ती आपोआप मिळत नाही. प्रकरणाची प्राथमिक बाजू पाहून न्यायालय ठरवते. शिक्षेविरुद्ध अपील करणाऱ्याला दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला न्यायालय सांगू शकते. ईसीएस किंवा नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप वळता होणारा, हप्ता परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली जवळपास अशीच कारवाई होते.

फौजदारी फिर्यादीचा दबाव मोठा असतो, म्हणून लोक तेवढ्यावरच विसंबून राहतात आणि दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत नकळत निघून जाते. हे मला फार खटकते. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. वचनचिठ्ठी, हुंडी किंवा चेकवरचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त पद्धतीने लावता येतो. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. बचावात काही तथ्य दिसले नाही तर लांबलचक साक्षीपुराव्याविना निकाल होतो.

सही करणाऱ्यासाठी

कोरा चेक सही करून देणे म्हणजे रक्कम भरण्याचा अधिकार समोरच्याला देणे. ‘चेकवरचे अक्षर माझे नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट शब्दांत नाकारला: सही कबूल असेल तर बाकीचा मजकूर कोणी भरला याने गृहीतक हटत नाही. तारणापोटी दिलेला चेक निरुपयोगी असतो हीसुद्धा चुकीची समजूत आहे. कर्जाची मुदत संपली आणि फेड झाली नाही की तोच चेक भरता येतो. म्हणून तारणाचा चेक द्यावाच लागला तर तो कोणत्या कर्जापोटी, कमाल किती रकमेसाठी आणि केव्हा परत मिळायचा याचे पत्र लिहून समोरच्याची सही घ्यावी आणि चेकचा क्रमांक त्यात नमूद करावा. देणगी किंवा भेट म्हणून दिलेला चेक न वटल्यास कलम १३८ लागत नाही, कारण तिथे फेडायचे देणेच नसते.

चेक हरवला तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे आणि पोलिसांत नोंद करावी. नोटीस आल्यावर ती बाजूला ठेवू नये. आपल्याजवळ खरा बचाव असेल, म्हणजे रक्कम फेडलेली आहे, चेक चोरीचा आहे, तारीख किंवा रक्कम संमतीविना बदललेली आहे, तर तो पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तरात मांडावा. हा बचाव खटल्यात पहिल्यांदाच पुढे आला तर ‘नोटीशीला उत्तर का दिले नाही’ हा प्रश्न आरोपीला फार जड जातो. तारीख किंवा रक्कम संमतीविना बदलण्यासारख्या महत्त्वाच्या बदलामुळे कागद कलम ८७ प्रमाणे रद्दबातल होतो. मात्र कोऱ्या जागा भरणे किंवा चेकला रेघा मारणे हे असे बदल धरले जात नाहीत.

तडजोड आणि कागद परत घेणे

कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा कोणत्याही टप्प्यावर आपसात मिटवता येतो. जितका उशीर तितका खर्च वाढतो. सप्टेंबर २०२५ च्या, गोव्यातून गेलेल्या त्याच निकालाप्रमाणे बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी रक्कम भरली तर जादा खर्च नाही. त्यानंतर पण खालच्या न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के भरावे लागतात. लोकअदालतीत मिटवताना हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकल्यास काय होईल आणि पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे हे तडजोडीच्या पुरशिसमध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात, लिहून घ्यावे. ‘लवकरच देईन’ अशा शब्दांवर प्रकरण काढून घेऊ नये.

पैसे देणाऱ्यानेही एक हक्क बजावायचा असतो आणि तो बहुतेक जण विसरतात. कलम ८१ प्रमाणे रक्कम फेडणाऱ्याला मूळ कागद दाखवून घेण्याचा आणि फेड होताच तो परत मिळवण्याचा अधिकार आहे. वचनचिठ्ठी परत घेताना तिच्यावर ‘रक्कम पूर्ण फिटली’ असे लिहवून धनकोची सही आणि तारीख घ्यावी. कागद गहाळ झाला असे तो म्हणत असेल, तर त्या कागदावरून पुन्हा मागणी आल्यास आपले नुकसान भरून देण्याची हमी त्याच्याकडून लेखी घ्यावी, आणि पैसे बँकेतून देताना चिठ्ठीची तारीख किंवा चेकचा क्रमांक पैसे पाठवण्याच्या नोंदीत लिहावा.